आमच्या टेबलावर जेवणारी आया

पेरांबूर, मद्रास
९ फेब्रुवारी १९५९

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. तू सुखरूप पोचलीच असशील. दौंडला गाडी बदलायची तुला सवय आहे, शिवाय मिशनच्या दवाखान्यात तुला कोण ओळखत नाही? तेव्हा काळजीचं कारण नाही, असं मी विद्याधरना सांगितलं. ते म्हणाले, "तरी पत्र टाक." म्हणून टाकते आहे.

खरं तर पत्र तू टाकायला हवं होतंस. माझ्या बाळंतपणाला म्हणून जूनमध्ये आलीस, चांगली आठ महिने राहिलीस, आणि त्या मंगळवारी कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत वळकटी बांधून दारात उभी. "जाते गं विजू." बस. ना भांडण, ना तंटा. भांडली असतीस तर मी चार शब्द बोलले असते, तू दोन बोलली असतीस आणि चहाच्या वेळेपर्यंत मिटलं असतं. विद्याधर तुला सेंट्रल स्टेशनवर पोचवायला आले, त्यांनाही तू काही सांगितलं नाहीस म्हणे. बाळाच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकायची, पण आधी आपल्या गालाला लावून बघायची, एवढंच सांगितलंस.

इथे घराची दैना झाली आहे. नळाला पाणी येतं तेव्हा बाळ रडतं, बाळ निजतं तेव्हा नळ जातो. करुणा सहा वर्षांची घोडी झाली तरी वेणी घालायला तिला मोठीआई, म्हणजे तूच हवीस. मी घातली तर "तू ओढतेस" म्हणते. विद्याधरांच्या डब्यात काल काय होतं ते विचारू नकोस, कारण काय होतं ते त्यांनाही ओळखता आलं नाही.

आणि त्यातच पंधरा मार्चला बायकांच्या सभेत बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. विषय 'सेवकाचे गुण'. इथल्या देवळाच्या पाळकीणबाई ज्ञानमणी अम्मा म्हणाल्या, "तुमच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?" मी नाही म्हणून पाहिलं. दोनदा.

एक विचारायचं आहे. त्या रविवारी सभेत अम्मा काही बोलल्या, ते तू मनाला लावून तर घेतलं नाहीस? पण तू बाळाला घेऊन अगदी मागे बसली होतीस आणि अम्मा तमिळमध्ये बोलत होत्या. तुला तमिळ कुठे येतं? तेव्हा ते कारण नसणार. मग दुसरं काय असेल ते तूच लिही.

रागात असलीस तर राग संपवून ये. इथे तुझ्यावाचून अडतं.

तुझी
विजू

ता.क. तुला वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, तरी हे पत्र दवाखान्यात कुणाकडून वाचून घेऊ नकोस.


पेरांबूर
२० फेब्रुवारी १९५९

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. पण मला उत्तर भिंतीपलीकडून मिळालं.

आपल्या शेजारच्या अंबुजाबाई, त्या तंजावरकडच्या, सगळ्याला 'अस्की' म्हणणाऱ्या, ज्यांची मराठी पहिल्यांदा ऐकून मी आत पळाले आणि पदर तोंडात कोंबून हसले होते, त्या परवा कधी नव्हे त्या आपण होऊन घरात आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच विचारलं, "तुम्च्या अक्का कोठें गेल्या, अम्मा?"

मी म्हटलं, "गावी गेली. काम निघालं."

"काम? आठ मास अस्की कामें हिथेंच केलीं की त्यांनीं."

मी बाळाचं दुपटं घडी करू लागले. घडी केलेलंच होतं. मग त्या म्हणाल्या, "नळापाशीं अस्क्या बायकांसंगे त्या तमिळांत बोलायच्या. बरें बोलायच्या. तुम्हांस ठाऊक नाहीं?"

नाही ताई, मला ठाऊक नव्हतं. मी पाच वर्षं या गावात आहे आणि मला भाजीवालीशी घासाघीस करण्यापलीकडे तमिळ येत नाही. तू आठ महिन्यांत नळावर उभी राहून शिकलीस आणि घरात एकदाही बोलून दाखवलं नाहीस. मी विचारलं, "मग अम्मा सभेत काय बोलल्या ते ताईला कळलं?"

"कळलें तर. मला सांगितलें."

"काय सांगितलं?"

"म्हणाल्या, माझ्या विजूला अस्कीं चांगली म्हणतात."

"मग रडली का?"

"नाहीं. तांदूळ निवडत होत्या. तसेंच निवडले."

ताई, हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. आता सगळं झालं कसं ते मी तुला नीट सांगते, म्हणजे तुला कळेल की यात माझा एवढा मोठा गुन्हा नाही.

तू येऊन चार दिवस झाले होते. अम्मा मला पाहायला आल्या. मी दिवस भरत आलेली, पलंगावर पडलेली. दार तू उघडलंस. नऊवारी लुगडं खोचलेलं, अनवाणी, हातात केरसुणी. आत येऊन त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "गावाकडून आया आणवलीत वाटतं?" मी दमलेली होते. मी गप्प राहिले. त्यांनी आपला अर्थ काढला. पाळकीणबाई झाल्या म्हणून काय झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पुढे सांगू म्हटलं, ते राहून गेलं. बाळ झालं, मग बाप्तिस्मा, मग नाताळ. अशा गोष्टीला पहिल्या दिवशी एक वाक्य लागतं, दुसऱ्या दिवशी दहा, आणि महिन्याने काही केल्या तोंडच उघडत नाही.

मग तो जानेवारीतला दुपारचा प्रसंग. आपण चौघं जेवायला बसलो होतो आणि अम्मा अवचित दारात. तू विद्याधरांच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर. तू त्यांना भाकरी वाढत होतीस आणि ते तुला म्हणत होते, "ताई, आता तुम्ही घ्या." अम्मांचे डोळे भरून आले. मला वाटलं बाईंना कुणी गेल्याची बातमी सांगायची आहे. तर त्या माझा हात धरून म्हणाल्या, "असं मी कुठल्याच घरात पाहिलं नाही."

त्याच आठवड्याच्या रविवारी त्यांनी ते सभेत तमिळमध्ये सांगितलं, शेजारच्या बाईने मला इंग्रजीत समजावलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, आणि या आपल्या बहिणीने आपल्या आयेला आपल्या टेबलावर, आपल्यासारख्याच ताटात जेवायला बसवलं. सेवक कसं व्हावं ते हिच्याकडून शिका. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. ती लाजेने घातली गं. पण त्यांना ती नम्रता वाटली.

सांग, भर सभेत उठून मी काय म्हणायला हवं होतं?

तुझी
विजू


पेरांबूर
५ मार्च १९५९

प्रिय ताई,

दहा दिवसांवर सभा आली आहे. रोज बाळ निजल्यावर वही घेऊन बसते. नम्रतेवर पानभर झालं आहे, आज्ञाधारकपणावर दीड पान. वाचून पाहिलं की माझंच मला हसू येतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पुढे काय असतं ते तुला माहीत आहे.

काल त्याच वहीत लिहिताना थांबले आणि ठरवलं की आधी तुला खरं लिहायचं. आतापर्यंत मी तीन ठिकाणी खोटं बोलले.

अम्मांनी आया म्हणून विचारलं तेव्हा मी गप्प राहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "गावाकडची माणसं विश्वासू असतात." मी म्हटलं, "हो, फारच विश्वासू." तू तेव्हा माझ्या उशाशी पाण्याचा पेला ठेवत होतीस. इंग्रजी तुला समजत नाही म्हणून मी तुझ्याकडे बघून हसले, आणि तू पण हसलीस.

देवळात बाळ रडतं म्हणून तू मागे बसतेस, असं मी सगळ्यांना सांगायची. बाळ रडत नव्हतं. तुझ्या मांडीवर ते कधीच रडलं नाही. पहिल्या रविवारी तू माझ्याबरोबर पुढच्या बाकाकडे यायला लागलीस, तेव्हा मीच म्हटलं, "ताई, तू मागे दाराजवळ बस, तिथे वारा आहे." दाराजवळ सगळ्या आया बसतात. वारा तिथे खरंच असतो, एवढंच त्यात खरं.

आणि "राहून गेलं" हे तर सगळ्यात मोठं खोटं. राहून काही गेलं नाही. एकदा ते बाहेर पडत होतं, ते मी दाबलं. करुणाने रविवारच्या शाळेत सांगितलं की मोठीआई ही माझ्या आईची बहीण आहे. त्यांच्या बाईंनी मला हसत हसत विचारलं. मी म्हटलं, "लेकरांचा जीव लागला की ती काहीही म्हणतात." मग घरी येऊन पोरीला समोर उभं केलं आणि सांगितलं, घरातलं बाहेर बोलायचं नसतं. ती म्हणाली, "पण खरं आहे ना?" मी म्हटलं, "खरं असलं तरी." तेव्हा तू मोरीत तिचाच फ्रॉक धूत होतीस. तू ते ऐकलंस की नाही ते मला माहीत नाही. मराठीतच चाललं होतं सगळं.

का केलं, ते पण लिहिते. म्हणजे पुन्हा त्यात डोकं खुपसायला नको.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी अम्मांनी मला माहेरचं विचारलं. इथल्या बायकांची माहेरं म्हणजे कुणाचे वडील हेडमास्तर, कुणाचा भाऊ वेल्लोरला डॉक्टर. मी म्हटलं, आईवडील लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीने वाढवलं. त्या म्हणाल्या, "काय करतात त्या?" मी म्हटलं, "मिशनच्या दवाखान्यात मेट्रन आहे." मला काही विचार करावा लागला नाही. तो शब्द तोंडात तयारच होता. तेव्हापासून अम्मा दर नाताळला विचारतात, "तुमच्या मेट्रन बहिणीचं पत्र आलं का?" मग तू केरसुणी घेऊन दार उघडलंस. मेट्रन घरात कशी येणार? आया आली.

तू त्या दवाखान्यात काय करायचीस ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? रक्ता-पुवाच्या पट्ट्या धुवायचीस, भांडी उचलायचीस, म्हणून मी बोर्डिंगात राहून शिकले. सुट्टीत मी आले की तू आधी फिनेलने हात धुवायचीस, मग मला जवळ घ्यायचीस. मी तरी नाक मुरडायची. तू म्हणायचीस, "विजूचं नाक फार शहाणं." त्या शहाण्या नाकाने माझा घात केला.

विद्याधरना मी परवा विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं, मग तुम्ही का बोलला नाहीत?" ते चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "मला वाटलं तुम्ही दोघी बहिणी आहात, तुमचं तुम्ही बघाल." असं म्हणून ते सुटले. मला तसं सुटता येत नाही. जळो ती वही. मी पंधरा तारखेला उभी राहून खरं सांगणार आहे, मग पुढे काहीही होवो. मंडळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पण तुझ्यासमोर तरी उभी राहू शकेन. तू मला क्षमा कर, ताई. त्याआधी दोन ओळी आल्या तर मला धीर येईल.

तुझी
विजू


पेरांबूर
१६ मार्च १९५९

प्रिय ताई,

सांगितलं! काल सांगितलं. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

सभेला शंभरावर बायका होत्या. बहुतेक कारखान्यातल्या कामगारांच्या, डोक्यात मोगरा माळलेल्या. मी इंग्रजीत बोलायचं आणि अम्मांनी वाक्यावाक्याला तमिळ करून सांगायचं असं ठरलं होतं. नम्रतेवरचं पान मी वाचलंच नाही. वही मिटली आणि म्हटलं, "जानेवारीत इथे माझ्या घरच्या आयेची गोष्ट सांगितली गेली. ती बाई माझी आया नाही. ती माझी थोरली बहीण आहे."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम गोरामोरा झाला. मग बायकांकडे वळून त्या तमिळमध्ये बोलल्या. मला तमिळ येत नाही, पण बाजारातलं तर येतं, आणि त्यात 'मादिरी' हा शब्द मी रोज ऐकते. मादिरी म्हणजे सारखी. अम्मा म्हणाल्या, "ती मला अक्का मादिरी आहे." थोरल्या बहिणीसारखी आहे! त्यांनी माझी लाज झाकली गं. माझ्यावरच्या मायेनेच झाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकांनी माना डोलावल्या, एकीने डोळ्याला पदर लावला.

आणि ताई, खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, चला, झालं. मी खरं सांगितलं, पुढे त्याचं काय झालं तो माझा दोष नाही. आता बसावं. मी खुर्चीचा हात धरला सुद्धा.

बसवलं नाही. का ते माहीत नाही. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "मादिरी इल्लै, अम्मा. अक्का." सारखी नाही, बहीण. मग बोटाने माझ्या पोटाकडे दाखवून म्हटलं, "एकाच आईची." तमिळमध्ये आईला अम्मा म्हणतात, तेवढं येतं. पुढचं तमिळ-इंग्रजी मिसळून म्हटलं, "मी तिला आया म्हटलं. मेट्रन पण नाही. ती दवाखान्यात पट्ट्या धुवायची."

मागे दाराजवळ आया बसल्या होत्या, त्या तेवढ्या आपसात कुजबुजल्या. एक मोठ्याने हसली. बाकी सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या आणि या वेळी मला मान खाली घालता आली नाही.

मी घरी येऊन पडून राहिले. वाटलं, उद्यापासून आपल्या दारात कुणी येणार नाही. अंबुजाबाईंना भिंतीवरून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगितलेंत? बरें झालें. आतां अक्कांस बोलवा."

पण आज सकाळी अम्मा आल्या. मी दाराआड उभी राहिले, त्यांनी मला बाहेर ओढलं आणि मिठी मारली. म्हणाल्या, रात्रभर त्यांना झोप नाही. इतकं धैर्य त्यांनी कुठे पाहिलं नाही. त्यांचं म्हणणं, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी मी ही साक्ष मोठ्या उपासनेत द्यावी, तमिळ आणि इंग्रजी दोन्ही. वेल्लोरहून पाहुणे येणार आहेत. त्या म्हणाल्या, "लोकांना रडू फुटेल."

मला काय वाटलं ते तुला लिहायला लाज वाटते, पण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे. मला बरं वाटलं.

म्हणून तू यायलाच हवंस. पाच एप्रिलच्या आत. तू पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसायचं. मी सगळ्यांसमोर तुझा हात धरेन, तुझी ओळख करून देईन. तुझ्यासाठी पांढरं लुगडं आणून ठेवलं आहे. मी सगळ्यांसमोर तुझी क्षमा मागेन. याहून जास्त मी काय करू? आता तरी ये.

तुझी
विजू


पेरांबूर
२ एप्रिल १९५९

ताई,

तुझं पत्र आलं. नऊ ओळी. पाटीवर लिहावं तशा अक्षरात. इथे उतरवून काढते, कारण मूळ कागद मी पवित्र शास्त्रात ठेवला आहे आणि तो सारखा हाताळायचा नाही.

"विजूस आशीर्वाद. तुझी चार पत्रं पोचली. सावकाश वाचली. पोस्टमन ती दवाखान्यात टाकतो, मी तिथून आणते. तिथली माझी खोली तुझ्याकडे येताना मी सोडली होती, ती नव्या बाईला दिली, त्यांचंही बरोबर आहे. सध्या रखमाबाईच्या पडवीत आहे. तिला दिसत नाही, तिचं करते. चारही पत्रांत तुझंच मन दुखतंय. माझं काय झालं ते एकातही विचारलं नाहीस. साक्षीला मी येणार नाही. बाळाला दात आला असेल, तर हिरडीला मध लाव. करुणाला पापा. सुनंदा."

तुझं पत्र वाचल्यावर मी माझी चारही पत्रं मनात पुन्हा वाचली. तू म्हणतेस तसंच आहे. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, तू सुखरूप पोचलीच असशील. विचारलं नाही, ठरवून टाकलं. तू खोली सोडून आली होतीस, हे तू आलीस त्या दिवशी मला सांगितलंही होतंस. मी "बरं झालं" म्हटलं होतं. म्हणजे आता तू आमच्याकडेच राहणार, मला सोय झाली, अशा अर्थाने. तू मंगळवारी सकाळी निघालीस तेव्हा तुला जायला जागा नव्हती, आणि मी महिनाभर नम्रतेवर पानं लिहीत होते.

हे बघ. पुन्हा मीच आले.

याआधी एक पत्र अर्धं लिहून फाडलं. त्यात सोळा वेळा 'मी' होतं, मोजून काढलं. आता दुसरं लिहिते.

तुला ताप होता का? निघालीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. रडलीस म्हणून की ताप म्हणून, ते आता तरी सांग. प्रवासात काय खाल्लंस? दौंडला गाडी चुकली का? कुणी पाणी दिलं का?

पडवीला भिंत आहे का, की नुसता आडोसा? रखमाबाईंचं स्वयंपाकपाणी कोण करतं? तूच करत असशील. पाणी किती लांबून आणतेस? खांदा दुखतो का अजून, तो उजवा, भांडी उचलून उचलून गेलेला? दवाखान्यात कुणी तो बघितला का? तिथल्या लोकांना तू काय सांगितलंस, एकदम का परत आलीस म्हणून?

उपासनेला जातेस का? कुठे बसतेस?

आठ महिने आमच्याकडे राहिलीस. त्यात एक दिवस तरी तुला असं वाटलं का की आपण बहिणीकडे आलो आहोत? एखादा असेल तर कोणता?

तमिळ तुला कुणी शिकवलं? आता तिकडे ते कुणाशी बोलतेस?

रविवारी साक्ष नाही. अम्मांना काल सांगून आले. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, "त्या बाई कशा आहेत?" आपल्या बहिणीबद्दल एवढं साधं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा शनिवारच्या मेलने मी निघते आहे. बाळाला घेऊन. त्याला खालचे दोन दात आले आहेत. करुणा विद्याधरांपाशी राहील, अंबुजाबाई तिची वेणी घालणार आहेत. तुला घेऊन जायला येत नाही. तसं मागच्या पत्रांत झालं, ये, ये, ये, असं. तुला रखमाबाईंना सोडवणार नाही हे मला कळतं. कदाचित तुला आमच्याकडे पुन्हा पाऊल टाकायचं नसेल, तेही कळतं. आठवडाभर राहीन, पाणी भरीन, रखमाबाईंचं तू सांगशील ते करीन. मला नीट करता येणार नाही, तू दाखव.

ताई, तुला काय हवं आहे? पुढं कुठे राहायचं आहे, कुणाजवळ, कशी? एकतीस वर्षांत हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणीही विचारलेलं नाही. उत्तर लिहायला बसू नकोस. तुझा वेळ जाईल. मी येऊन ऐकते.

विजू